आठवडे किती, वय किती? वेळेआधी फुटणाऱ्या पाणमोटीचा आढावा

बाळंतपणाची ठरलेली वाट अशी: आधी कळा, मग पाणी, मग बाळ. दर शंभर गरोदर बायांपैकी साधारण दहाएक जणींच्या बाबतीत हा क्रम उलटतो. कळांचा पत्ता नसतो आणि पाणमोट फुटते. यातल्या बहुतेकींचे दिवस भरलेले असतात आणि दिवसा-दोन दिवसांत त्या सुखरूप मोकळ्या होतात. पण शंभरातल्या दोन-तीन जणींची पाणमोट सदतिसावा आठवडा पूर्ण व्हायच्या आतच फुटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळंतपणांची सुरुवात अशीच होते. बाई पहिलटकरीण असेल, वय अठराच्या आगेमागे असेल, अंगात रक्त कमी असेल, तर पुढचे काही तास फार मोलाचे ठरतात.

पेडगाव हे परभणी तालुक्यातलं, परभणी-मनमाड लोहमार्गावरचं गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई आहेत आणि परभणी शहर हाकेच्या नसलं तरी जीपच्या अंतरावर आहे. कागदावर पाहिलं तर हा भाग दुर्गम नाही. म्हणूनच आढाव्यासाठी हे गाव सोयीचं आहे. डोंगर किंवा नदी आड येत नसतानाही कोवळ्या आईची वाट कशाने अडते, ते इथे स्पष्ट दिसतं.

गेल्या तीस वर्षांत या दुखण्याच्या उपचारांवर जगभर मोठ्या चाचण्या झाल्या. त्यातल्या काही नागपूर आणि बेळगाव भागातही झाल्या. काय करावं, याची बरीचशी उत्तरं आता हाती आहेत. तरीही ती उत्तरं खाटेवरच्या मुलीपर्यंत पोचत नाहीत. त्याचं मोठं कारण दोन आकड्यांत आहे: तिला किती आठवडे झाले आणि तिचं वय काय. सगळा उपचार पहिल्या आकड्यावर उभा आहे आणि सगळी काळजी दुसऱ्यावर. आपल्याकडे नेमके हेच दोन आकडे खरे कळत नाहीत.

पडदा फाटतो कसा

बाळाभोवती पाण्याने भरलेली जी पिशवी असते, तिला दोन पातळ पडद्यांचं अस्तर असतं. आतला पडदा कागदाहून पातळ, तरी चिवट. हा चिवटपणा त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांमुळे येतो. दिवस भरत आले की शरीर स्वतःच हे धागे सैल करू लागतं, म्हणून नवव्या महिन्यात पडदा फाटणं हा निसर्गक्रमाचाच भाग असतो. घोटाळा होतो तो हे काम वेळेआधी सुरू झाल्यावर. योनिमार्गातले जंतू वर चढले की शरीर त्यांच्याशी लढायला दाह निर्माण करतं. त्या दाहात तयार होणारी विकरं जंतूंबरोबर पडद्याचे धागेही कुरतडतात. आधी भोक पडतं आणि मग त्यातून जंतू आत शिरतात, असं आपण समजतो. पुष्कळदा जंतू आधीच आलेले असतात आणि पाणी जाणं हा त्यांच्या कामाचा शेवट असतो.

त्यामुळे पाणमोट फुटण्याला बाळंतपणाच्या दिवशीचा अपघात मानणं चूक आहे. धक्का बसला, जड उचललं, गाडीत आदळलं, अशी कारणं घरात पटकन सांगितली जातात. क्वचित ती खरीही असतात. बहुतेक वेळा मात्र गोष्ट कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. आधीच्या बाळंतपणात असंच झालेलं असणं, जुळी असणं, पोटात पाणी फार असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, मधल्या महिन्यांत अंगावर लाल जाणं, वजन फार कमी असणं, तंबाखू ही पाठ्यपुस्तकांतली कारणांची यादी. तंबाखू म्हटलं की शहरी डॉक्टर सिगारेट विचारून मोकळे होतात. आपल्याकडे विचारायला हवी ती मिशरी.

गडचिरोलीने दाखवलेलं दुखणं

जंतुसंसर्गाचा धागा महाराष्ट्रात फार आधी हाती लागला होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार यांपैकी एक तरी दुखणं आढळलं. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर सरकारी आरोग्यव्यवस्थेला बाई दिसायची ती गरोदर असताना किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेपुरती. अंगावर पांढरं जाणं, लघवीला आग होणं, ओटीपोट दुखणं ही बाईच्या जन्माची दुखणी मानली जात आणि सोसली जात.

मराठवाड्यात हे सोसणं कुठवर जातं, त्याचा पुरावा शेजारच्या बीड जिल्ह्याने दिला. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पांढरं जाण्यासारख्या तक्रारीवर वेळेत साधा उपचार होत नाही आणि शेवटी पिशवीच काढली जाते, असं चित्र त्यातून पुढे आलं. परभणी जिल्ह्यातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत दिसतं. मधल्या काळात फडावर पाणी अपुरं, आडोसा नाही, संडास नाही. लघवी रोखून धरणं, पाणी कमी पिणं, पाळीची घडी तीच तीच वापरणं हे ओघाने येतं. त्यात दिवस गेलेले असतील तर मूत्रमार्गाचा संसर्ग वर सरकायला वेळ लागत नाही.

मग सगळ्या गरोदर बायांना सरसकट प्रतिजैविकं दिली तर? ही कल्पना तपासून झाली आहे आणि ती टिकलेली नाही. तक्रार नसलेल्या बाईच्या योनिमार्गातला जंतुदोष शोधून त्यावर औषध दिल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होत नाहीत, असं मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलं. लघवीतले जंतू शोधून त्यावर उपचार करणं मात्र फायद्याचं ठरलं आहे, मग तक्रार असो वा नसो. जीवनसत्त्वांचीही हीच गत. क जीवनसत्त्वाच्या लहान मात्रेने पाणमोट फुटणं कमी होतं, असं मेक्सिकोतल्या एका छोट्या चाचणीत २००५ साली दिसलं. पुढे क आणि ई यांच्या मोठ्या मात्रा एकत्र दिल्यावर उलटाच परिणाम दिसला. म्हणजे हमखास रोखणारी गोळी आज कोणाकडे नाही. लघवीची तपासणी, तक्रार असेल तर तिच्यावर पुरा उपचार, मिशरी सोडणं, वजन आणि रक्त वाढवणं एवढंच करता येतं. या साध्या गोष्टी आहेत, पण त्यांना दिवस राहिल्यापासूनच लागावं लागतं.

कोवळ्या वयाचा दोष किती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्के होतं. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत ते सर्वाधिक आहे. पाहणीच्या वेळी राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. गरोदर स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांहून जास्त जणींना रक्तक्षय होता.

कोवळ्या वयामुळेच पाणमोट लवकर फुटते का? या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' असं देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २९ देशांतल्या सव्वा लाखाच्या आसपास तरुण मातांची माहिती तपासली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. विशीच्या आतल्या मातांमध्ये झटके येणं, बाळंतपणानंतर गर्भाशयाचा आणि अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग होणं, अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं बाळ होणं, हे सगळं विशी ओलांडलेल्या मातांपेक्षा जास्त आढळलं. पण वयाबरोबर इतर गोष्टीही येतात. मुलगी लहान वयात सासरी गेली म्हणजे बहुधा शाळा सुटलेली, घर गरिबीचं, वजन कमी, पहिलंच बाळंतपण, दवाखान्यात जायचं तर सासू किंवा नवरा सोबत हवा, आणि अंगावर पांढरं जातंय हे सांगायला घरात कोणी नाही. यातला वयाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे वेगळं काढणं कठीण. पेडगावच्या सिस्टरला ते वेगळं काढायची गरजही नाही. तिच्यासाठी वय हे बाकीच्या सगळ्या धोक्यांची खूण आहे, आणि म्हणूनच ते खरं लिहिलं जायला हवं.

कोवळ्या मुलीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. काय होतंय, हेच तिला कळत नाही. पाणमोट दरवेळी भळकन फुटत नाही. पुष्कळदा थेंबथेंब गळते. लघवी सुटली असेल, पांढरं गेलं असेल असं वाटून मुलगी लाजेने गप्प राहते. दोन दिवसांनी ताप येतो तेव्हा घरात कळतं. अशा वेळी स्वच्छ, कोरडी सुती घडी ठेवून तासाभराने पाहिली तर पुष्कळ उलगडतं. लघवीचा वास नसलेलं, न थांबणारं ओलेपण दिसलं की दवाखान्यात जायचं. रंग हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते, म्हणून आणखी घाई करायची. खाली नाळ लागत असेल तर मात्र मुलीला चालवत न्यायचं नाही. कंबर उंच राहील असं निजवून किंवा गुडघ्यांवर ओणवी करून तसंच हलवायचं.

आठवडा बदलला की उपचार बदलतो

या दुखण्यात 'पाणी गेलं, आता काय?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आठवड्यानुसार किमान चार उत्तरं आहेत.

सदतीस आठवडे पूर्ण झाले असतील तर प्रश्न सोपा आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतल्या पाच हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत वाट पाहणं आणि कळा आणणं यांची तुलना झाली. वाट पाहिलेल्यांपैकी निम्म्या स्त्रिया ३३ तासांत बाळंत झाल्या, पण काहींना चार दिवसही लागले. सलाइनमधून ऑक्सिटोसिन देऊन कळा आणल्या तर आईला संसर्ग कमी होतो आणि त्यामुळे सिझरही वाढत नाही, हे त्यात दिसलं. याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणातून आणखी एक गोष्ट निघाली. हात घालून जितक्या जास्त वेळा तपासणी होते, तितका संसर्गाचा धोका वाढतो. आपल्या लेबर रूममध्ये ही शिकवण अजून पुरती मुरलेली नाही. आधी सिस्टर, मग शिकाऊ डॉक्टर, मग मोठे डॉक्टर आणि रेफर केल्यावर पुन्हा तिथले तिघं. कळा नसताना पाणी गेलं असेल तर निर्जंतुक उपकरणाने नुसतं बघून निदान होतं. बोटांची तपासणी शक्य तितकी टाळायची असते. गावात दुकानासारखे दवाखाने थाटलेले काही जण 'कळांचं इंजेक्शन' स्नायूत टोचतात. ते तर सरळ जिवाशी खेळणं आहे, कारण टोचलेलं ऑक्सिटोसिन मागे घेता येत नाही आणि गर्भाशय फाटू शकतं.

चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यान पूर्वी लगेच प्रसूती करण्याकडे कल होता. २०१६ मध्ये अकरा देशांतल्या १,८३९ स्त्रियांच्या चाचणीने हा कल बदलला. संसर्गाची चिन्हं नसताना, लक्ष ठेवून वाट पाहिली तर बाळाला जंतुदोष वाढत नाही. उलट लगेच जन्माला घातलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. वाट पाहण्याची किंमत आईच्या बाजूने थोडी मोजावी लागते, कारण रक्तस्राव आणि ताप यांचं प्रमाण काहीसं वाढतं. म्हणून हे वाट पाहणं दवाखान्याच्या खाटेवर करायचं असतं. घरी करायचं ते नव्हे.

चोवीस ते चौतीस आठवडे हा सगळ्यात नाजूक टप्पा. इथे प्रत्येक दिवस मिळवायचा असतो. २००१ च्या 'ओरॅकल' चाचणीत ४,८०० हून जास्त स्त्रिया होत्या. एरिथ्रोमायसिनच्या दहा दिवसांच्या गोळ्यांनी प्रसूती लांबते आणि बाळाचे हाल कमी होतात, असं तिने दाखवलं. त्याच चाचणीत को-अमॉक्सिक्लॅव्ह घेतलेल्या गटातल्या बाळांमध्ये आतडी सडण्याचा भयंकर आजार जास्त दिसला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'भारीतली गोळी' आणून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याच टप्प्यात बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. प्रसूती अगदी तोंडावर असेल आणि दिवस फारच कमी असतील तर बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात. मात्र आईला ताप आला, नाडी आणि बाळाचे ठोके वाढले, पाण्याला घाण वास येऊ लागला, पोट हात लावल्यावर दुखू लागलं, तर आठवडे कितीही असोत, वाट पाहणं तिथेच संपतं.

चोविसाच्या आधी पाणी गेलं तर आशा फार थोडी असते. फुप्फुसं वाढायलाच पाणी लागतं. ते नसेल तर जन्मलेलं बाळ श्वास घेऊ शकत नाही. अशा वेळी आईबापांना खरं सांगून, आईचा जीव पुढे ठेवून निर्णय घ्यावा लागतो.

गावात अजून एक समज ऐकू येतो की सातमाशी मूल जगतं, आठमाशी जगत नाही. त्याला कसलाच आधार नाही. पोटातल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक बाळाची जगण्याची शक्यता वाढत जाते. आठवा महिना लागला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही, आणि सातवा आहे म्हणून निवांत राहायचंही नाही.

नागपूर-बेळगावचा धडा

स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आठवड्यांचा आकडा चुकला की चांगलं औषधही कसं फिरतं ते त्यातून समजतं. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये या उपचाराचा गुण दाखवून दिला. श्रीमंत देशांच्या रुग्णालयांत तो रुळला. मग प्रश्न आला की हीच स्वस्त इंजेक्शनं गरीब देशांत गावपातळीवर दिली तर? भारतासह सहा देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत नागपूर आणि बेळगाव परिसरातली गावंही होती. २०१५ मध्ये निकाल आला आणि सगळे चमकले. अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. एकूण बाळांमध्ये तर दर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले आणि आयांमध्ये संसर्गाची शंकाही वाढली.

पाच वर्षांनी, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा निकाल आला. पाच देशांतल्या या चाचणीत भारतातर्फे बेळगाव होतं. इंजेक्शन तेच डेक्सामेथासोन. या वेळी नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले आणि आयांचा संसर्ग वाढला नाही. फरक होता तो आजूबाजूच्या व्यवस्थेत. दुसऱ्या चाचणीत सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या, लवकर प्रसूती होणार याची खात्री असलेल्या आणि नवजात बाळांची नीट सोय असलेल्या रुग्णालयांतल्या स्त्रियाच घेतल्या होत्या. पहिल्या चाचणीत आठवड्यांचा अंदाज ढोबळ होता. त्यामुळे औषधाची गरज नसलेल्या पुष्कळ बाळांना ते मिळालं.

भारत सरकारने २०१४ मध्येच २४ ते ३४ आठवड्यांसाठी डेक्सामेथासोनची मार्गदर्शक सूचना काढली होती. सहा मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, बारा-बारा तासांनी, असे चार डोस. पहिला डोस पुढे पाठवण्याआधी एएनएम सिस्टरनेही द्यावा, अशी मुभा त्यात आहे. ही मुभा मोलाची आहे. पण सिस्टरच्या हातात सुई असून भागत नाही. समोरच्या मुलीला एकतीस आठवडे झालेत की सदतीस, हे तिला ठाऊक हवं.

आणि तेच ठाऊक नसतं. किशोरवयात पाळी अनियमित असते, त्यामुळे पाळीच्या तारखेवरून काढलेला हिशोब हलतो. पुष्कळ जणींना तारखेपेक्षा सण आठवतो: पोळ्याच्या आधी, नवरात्र उठल्यावर. जाणती आशाताई त्यावरून तारीख काढते, आणि ती आठव्या महिन्यातल्या अंदाजापेक्षा बरी असते. सगळ्यात भरवशाची असते ती पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. तिच्यात आठवडाभराचा फरक पडतो, तर शेवटच्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत तो तीन आठवड्यांवर जाऊ शकतो. राज्यात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचं प्रमाण सुमारे ७१ टक्के आहे. उरलेल्यांत लहान वयाच्या आणि टोळीबरोबर गेलेल्या मुली असण्याचीच शक्यता जास्त, कारण नोंदणी उशिरा करण्याची कारणं त्यांच्याकडेच अधिक आहेत.

पेडगावहून पुढची वाट

पाणी गेलेल्या मुलीची वाट कागदावर अशी आहे: उपकेंद्र, पेडगावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग परभणीचं जिल्ह्याचं रुग्णालय. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्याआधी गुंतागुंत झाली की नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाकडे किंवा दोनशेएक किलोमीटरवरच्या संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे बोट दाखवलं जायचं. आजही ते पुरतं थांबलेलं नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, गरोदर मातांसाठी १०२ आहे. राज्यातली ९४ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. घर ते दवाखाना ही जुनी लढाई आपण जवळपास जिंकली आहे.

नवी लढाई एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना आहे. प्रत्येक ठिकाणी पुन्हा केसपेपर, पुन्हा तपासणी, पुन्हा 'पाणी कधी गेलं?' हा प्रश्न, आणि दरवेळी वेगळं उत्तर. पहिला डोस दिला की नाही, हे चिठ्ठीवर नसतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मल्यावर त्याला वेगळ्या गाडीतून हलवण्यापेक्षा ते आईच्या पोटातच असताना हलवणं केव्हाही चांगलं. पोटासारखी उबदार पेटी दुसरी नाही. या साखळीचं टोक किती ताणलेलं आहे, हे २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडला दिसलं. त्या रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं, मनुष्यबळ, खाटा यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र शेवटच्या रुग्णालयात पोचणारी बाळं आधीच्या ठिकाणी वेळेत सावरली असती का, हा प्रश्न तितक्या जोराने विचारला गेला नाही.

इथेही नागपूर-बेळगावचा उपयोग होतो. या दोन्ही ठिकाणांचा सहभाग असलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात देशांच्या चाचणीत प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिल्याने आईचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. आई वाचवणारं औषध बाळ वाचवेलच असं नाही. बाळासाठी उबदार जागा, आईचं दूध, अंगाशी धरणं आणि घरी जाऊन लक्ष ठेवणारं माणूस लागतं. गडचिरोलीच्या 'सर्च' या बंग दांपत्याच्या संस्थेने हे घरोघरी करून दाखवलं आणि १९९९ मध्ये मांडलं. नवजात मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्यांचं मूळ त्या कामात आहे.

वयाचा आकडा का लपतो

आता दुसरा आकडा. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचं लग्न नवव्या वर्षी झालं. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या, त्यामागे तेही दुःख होतं. बालपणीचं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचं वय बारा झालं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ मध्ये ते अठरा झालं, २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा नव्याने आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरवला. पोक्सो कायद्याखाली असा गुन्हा कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

प्रत्येक पाऊल योग्यच होतं. परिणाम मात्र दवाखान्याच्या खिडकीशी वेगळाच दिसतो. सतरा वर्षांची गरोदर सून घेऊन आलेली सासू वय एकोणीस सांगते. खरं सांगितलं तर मुलाला तुरुंग, ही भीती घरात बसलेली असते. योजनांचे पैसे मिळायलाही वयाची अट आड येते. खिडकीवरचा माणूस चेहरा बघून समजतो आणि एकोणीस लिहितो. डॉक्टरही विचारत नाहीत, कारण कळलं तर कळवावं लागेल. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. म्हणीतलं पेडगाव बहुधा श्रीगोंद्याचं असेल, पण रीत सगळ्या महाराष्ट्राची आहे.

यात नुकसान मुलीचं होतं. अठराच्या आतली माता 'अतिजोखमीची' म्हणून वेगळ्या यादीत जाते. तिच्यावर आशाताईंनी जास्त लक्ष ठेवायचं असतं आणि दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत तिला आधी बघायचं असतं. एकोणीस लिहिलं की ती यादीतून उडते. वय लपवायचं म्हणून नोंदणी उशिरा होते, म्हणून पहिली सोनोग्राफी हुकते, म्हणून आठवडे कळत नाहीत. एक आकडा खोटा पडला की दुसराही खोटा पडतो तो असा. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत डॉक्टरांना तिची ओळख उघड न करण्याची मोकळीक दिली. तो निकाल गर्भपातापुरता होता. बाळंत होणाऱ्या मुलीच्या उपचाराला आणि पोलिसी कारवाईला एकमेकांपासून वेगळं कसं ठेवायचं, याची स्पष्ट पद्धत सरकारने घालून द्यायला हवी. बालविवाह रोखायचा तर लग्नमांडवाच्या आधी, ग्रामसेवकाच्या आणि १०९८ च्या मार्गाने रोखावा. लेबर रूमच्या दारात मुलगी आली की ती फक्त रुग्ण असते.

निवाडा

आढाव्याचा निष्कर्ष सरळ आहे. कोवळ्या वयात वेळेआधी पाणमोट फुटण्यावर उपचार आहेत, ते स्वस्त आहेत आणि बहुतेक औषधं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. ते लागू पडतात ते मात्र आठवडे ठाऊक असतील तरच. आठवडे ठाऊक व्हायला लवकर नोंदणी हवी आणि ती व्हायला वय सांगण्याची भीती जायला हवी. म्हणून परभणीसारख्या जिल्ह्यात तीन कामांना पहिला मान द्यावा: पहिल्या तिमाहीत सरकारी खर्चाने सोनोग्राफी, प्रत्येक गरोदर बाईची लघवीची तपासणी, आणि पाणी गेल्याची वेळ व दिलेला डोस लिहिलेली एकच चिठ्ठी, जी शेवटच्या रुग्णालयापर्यंत सोबत जाईल.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात गरोदर लेक किंवा सून आहे, त्यांनी एवढं करावं. पाळीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा आणि पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. पाणी गेलं, गळतंय अशी नुसती शंका आली तरी घड्याळ बघून वेळ लिहा. आत काही ठेवू नका, घरी कोणाला हात घालून तपासू देऊ नका, कळांची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात आठवडे आणि वय खरं सांगा.